शब्दचर्चा : 'काय करून राहिले?'

प्रश्न
माहेर पुण्याचं, सासर नागपूरचं. शेजारच्या काकू दारातून हाक मारतात, "काय करून राहिल्या?" नणंद फोनवर विचारते, "वहिनी, तुम्ही कधी आल्या?" माणसं अतिशय लाघवी आहेत, म्हणूनच विचारते. 'आलात'मधला 'त' नसला की माझ्या कानाला ते तुटक का वाटतं? आणि 'करून राहणं' थेट हिंदीतून आलंय का?

प्रतिसाद (अमरावतीकडून)
आधी 'त'चं. आमच्याकडे तो गळून पडतो, तसाच 'तू आलास'मधला 'स'ही गळतो. "तू कुठी गेला होता?", "तुम्ही कुठी गेले होते?" असंच आम्ही लहानपणापासून बोलतो. मान 'तुम्ही'त आहे आणि क्रियापदाच्या अनेकवचनात आहे, तो कुठेही कमी झालेला नाही. उलट तुमच्या 'आलात'मधून समोर बाई आहे की पुरुष ते कळत नाही. आमच्या 'आल्या', 'आले'त ते स्वच्छ कळतं. तेव्हा नणंदेने तुम्हाला पूर्ण मान दिलाय, निश्चिंत असा.

आता 'करून राहणं'. हिंदीचा सहवास आम्हाला भरपूर आहे, हे खरंच. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, वऱ्हाडही पुढे त्याच प्रांताला जोडलं गेलं आणि 1956 पर्यंत आमचा कारभार हिंदी मुलखाबरोबरच चालला. पण तेवढ्यावरून हा प्रयोग उसना ठरवणं मला पटत नाही. खानदेश इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात होता, तरी अहिराणीत "काय करी राहिना?" आहेच. आणि प्रमाण मराठीत तुम्हीही "मी वाट पाहत राहिले" म्हणताच की. 'राहणे' घरचंच आहे, आम्ही त्याला जास्त कामाला लावलं, इतकंच. ते फक्त चालू क्रियेपुरतंही नाही. "मी उद्या मुंबईला जाऊन राहिलो" म्हणजे उद्या निघणार, तिथे मुक्काम ठोकणार असा अर्थ नव्हे. नव्या माणसाची इथे हमखास गल्लत होते.

एक गोष्ट मात्र आवर्जून ऐका. काकू निरोप देताना "येजा बरं" म्हणत असतील. 'या' म्हटलं की आत्ता या. 'येजा' म्हणजे पुढे कधी, सवडीनं या. धाकट्याला 'येजो', 'सांगजो', 'जाजो'. आज्ञार्थात आत्ताचं आणि नंतरचं असं वेगळं ठेवायची ही सोय प्रमाण भाषेत एका शब्दात होत नाही. बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी हा फरक एकदा तरी मनावर घ्यावा, असं मला फार वाटतं.

प्रतिसाद (कोल्हापूरकडून)
आमच्याकडं हेच काम 'लागणे' करतं. "काय करालाईस?" म्हणजे काय करायला लागला आहेस. पुण्यात 'जेवायला लागला' म्हणजे नुकती सुरुवात केली. आमच्याकडं "जेवालोय" म्हणणारा शेवटच्या भातावर असला तरी चालतं. लातूर-नांदेडकडचं 'करालालो', 'करायलो' याच घरातलं. आणि लिंगाचा विषय निघालाय म्हणून सांगतो : आमच्या आया-बहिणी बिनदिक्कत "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात. बाहेरच्यांना नवल वाटतं, पण यात पुरुषी काही नाही. 'मी' म्हणणारी समोरच उभी आहे, बाई आहे हे क्रियापदानं वेगळं कशाला सांगायचं? मालवणीतही "मी जातंय" बाई म्हणते आणि बाप्याही.

प्रश्नकर्ती
'येजा'चं कळलं आणि फार बरं वाटलं. मी ते 'या, जा' असं ऐकत होते! अजून एक : दीर 'बे' म्हणतात ते कुणाला चालतं?

प्रतिसाद (अमरावतीकडून)
बरोबरीच्या दोस्ताला, सख्ख्या धाकट्या भावाला. "काय बे, कुठी होता?" यात प्रेमच आहे. सोलापुरातही तो तितकाच चालतो. पण वडीलधाऱ्यांना कधीच नाही, अनोळखी माणसाला म्हटलं तर भांडण होईल. तुम्ही 'भाऊ' म्हणा, रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना चालतं. वयस्कांना मात्र 'काका', 'काकाजी'.