स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) असताना गुडघा बदलताना पाठीतून मॉर्फिन? माझं मत: नको

गुडघेकर:
वडील ६८ वर्षांचे, गुडघा बदलायचाय. घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जातं, मध्येच श्वास अडकतो. भूलतज्ज्ञ म्हणतात, स्पायनलमध्येच (कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनमध्येच) किंचित मॉर्फिन घालू, दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणार नाही. अशा माणसाला ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक) द्यायचंच कशाला?

भूलवाली:
‘नको’ म्हणणं सोपं. पहिल्या रात्री गुडघा ठणकला की शिरेतून ओपिऑइड द्यावंच लागतं, तेही पुन्हा पुन्हा. पाठीतून १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. पेशंट दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालतो. खाज सुटते, लघवी तुंबते, हे मान्य.

रात्रपाळी:
ताई, हा दहाव्या भागाचा हिशोब फसवा आहे. तो थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात पडतो. मॉर्फिन चरबीत फारसं विरघळत नाही, त्या पाण्यातच रेंगाळत मेंदूकडे चढतं. श्वास मंदावतो तो ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा. दुपारी ऑपरेशन झालं की ही वेळ ऐन झोपेतली. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटना सांगते: पहिले १२ तास दर तासाला तपासा, पुढचे १२ तास दर दोन तासांनी. आमच्याकडे रात्री सगळ्या वॉर्डला दोन सिस्टर! त्यात नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की ऑक्सिमीटर निवांत ९८ दाखवतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत असला तरी. श्वास मोजायलाच हवेत.

भूलवाली:
मग दोष औषधाचा की वॉर्डाचा? अशा पेशंटला एचडीयूत (वॉर्डापेक्षा जास्त देखरेखीच्या कक्षात) ठेवा, उशी उंच, नालोक्झोन (मॉर्फिनचा उतारा) हाताशी, झोपेची गोळी बंद.

गुडघेकर:
एचडीयूचं बिल कोण भरणार? २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला मर्यादा घातली, खाटेच्या भाड्याला नाही. ॲडक्टर कॅनाल ब्लॉक (मांडीतल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन), सांध्याभोवती इंजेक्शन, वर पॅरासिटामॉल, एवढ्यात भागत नाही?

भूलवाली:
बऱ्याच जणांचं भागतं. पण हा ब्लॉक गुडघ्याच्या मागच्या बाजूला पुरत नाही. बाकी घोरणं, श्वास अडकणं, पन्नाशी उलटलेली, पुरुष: स्टॉप-बँगचे (स्लीप ॲप्नियाचा धोका मोजायच्या प्रश्नावलीचे) चार गुण इथेच झाले. मान ४० सेंटिमीटरच्या वर भरली तर पाच, म्हणजे धोका जास्त. झोपेची तपासणी झालीय?

गुडघेकर:
नाही. कुणी सुचवलीच नाही.

रात्रपाळी:
मग तारीख पुढे ढकला. गुडघा महिनाभर थांबतो. सीपॅप (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारं यंत्र) लागलं तर त्याची सवय घरीच होऊ दे, ऑपरेशनच्या रात्री तो मुखवटा कुणीही ओढून काढतो. आणि मॉर्फिनला माझा विरोध कायम आहे.