लिनक्स लॅपटॉपवर वायफाय चालेना : काय झालं होतं, कसं सुटलं?

लिनक्स टाकलं, डेस्कटॉप आला, आवाज येतोय, टचपॅड चालतोय, पण वायफायचा पत्ता नाही. नव्याने लिनक्सकडे वळलेल्यांची ही तक्रार आजही नेहमी कानावर येते. त्यावर मिळतात त्या सुट्या कमांड. ही चालवून बघा, नाही चालली तर ती चालवा. अशाने माणूस दमतो आणि लिनक्स काढून टाकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वायफायला काही टप्पे ओलांडावे लागतात. कार्ड दिसतंय का, त्याला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) मिळाला का, ड्रायव्हरला फर्मवेअर सापडलं का, रेडिओ सुरू आहे का, राउटर जोडून घेतोय का, आयपी पत्ता मिळतोय का, आणि साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधता येतोय का. गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर अडली ते कळेपर्यंत काहीही बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तुमचे अनुभव हवे आहेत. नुसता उपाय नको. लक्षण काय होतं आणि दुखणं नेमकं कुठे आहे हे कशावरून ओळखलंत, तेही लिहा. सुरुवात मी करतो.

डेबियन ११ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं होतं. नेटवर्कच्या मेनूत वायफाय हा शब्दच नव्हता. आतली कार्डं दाखवणारी एलएसपीसीआय ही कमांड एनएनके हे पर्याय लावून चालवली, तर इंटेलचं कार्ड व्यवस्थित दिसत होतं. म्हणजे पहिला टप्पा पार. मग डीमेसेजचा, म्हणजे कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींचा, आउटपुट वाचला. आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर एक फर्मवेअर फाइल मागत होता आणि दरवेळी 'एरर उणे २' येत होती. उणे २ म्हणजे तशी फाइलच नाही. ड्रायव्हर कर्नेलमध्ये असतो, पण कार्डावर चढवायचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरमधून येतो. तो मुक्त परवान्याचा नसल्यामुळे डेबियनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये तेव्हा नसायचा. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तो सोबत येतो. माझ्याकडे फोन यूएसबी केबलने जोडला आणि टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू केलं. लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नॉन-फ्री रिपॉझिटरी (मुक्त नसलेल्या पॅकेजांचा साठा) सुरू करून आयडब्ल्यूएलवायफायचं फर्मवेअर पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं, आसपासची सगळी नेटवर्क दिसू लागली. फोनची केबल हाताशी असेल तर वायफाय नसलेला लॅपटॉप अडून राहत नाही, एवढं नवीन माणसाला आधीच सांगायला हवं.

*

माझा अनुभव छोटा आहे. कार्ड दिसत होतं, ड्रायव्हर होता, फर्मवेअरही चढलं होतं. तरी वायफायचं बटण सुरू केलं की लगेच बंद व्हायचं. रेडिओ कुणी अडवलाय ते दाखवणारी आरएफकिल लिस्ट चालवल्यावर 'सॉफ्ट ब्लॉक्ड' समोर नाही आणि 'हार्ड ब्लॉक्ड' समोर हो असं आलं. सॉफ्ट ब्लॉक असता तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय एवढ्याने निघाला असता. हार्ड ब्लॉक कमांडने निघत नाही. तो कडेच्या स्विचमुळे, कीबोर्डच्या बटणामुळे किंवा बायोसमधल्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या) सेटिंगमुळे लागतो. माझ्या लॅपटॉपला असा स्विचच नाही! कर्नेलमध्ये वेगवेगळ्या बनावटींच्या लॅपटॉपसाठी प्लॅटफॉर्म मोड्यूल (ड्रायव्हरसारखे सुटे भाग) असतात. त्यातला एक, नसलेला स्विच बंद आहे असं सांगत होता. त्या मोड्यूलचं नाव मोडप्रोबच्या (मोड्यूल लोड करणाऱ्या कमांडच्या) ब्लॅकलिस्टमध्ये घातलं आणि ब्लॉक गेला. मात्र कीबोर्डवरची काही खास बटणं अशाच मोड्यूलमुळे चालतात, तेव्हा ती नंतर तपासून घ्या.

*

जुन्या लॅपटॉपवर ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर आधी त्याचा आयडी लिहून घ्या. एलएसपीसीआयमध्ये शेवटी चौकटी कंसात तो दिसतो. सुरुवातीचे चार आकडे १४ई४ असतील तर कार्ड ब्रॉडकॉमचं, ८०८६ असतील तर इंटेलचं, १०ईसी असतील तर रिअलटेकचं. ब्रॉडकॉमसाठी बी४३, बीआरसीएमएसएमएसी आणि कंपनीचा स्वतःचा डब्ल्यूएल असे निरनिराळे ड्रायव्हर आहेत. कंपनीने आपला खुला ड्रायव्हर २०१० मध्ये दिला, पण त्यात सगळी कार्डं बसत नाहीत. कुठल्या कार्डाला कुठला चालतो हे आयडीवरूनच ठरतं, म्हणून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चाललेली कमांड आपल्याकडे चालेलच असं नाही.

माझ्या कार्डाला डब्ल्यूएल लागतो. तो डीकेएमएस या साधनामार्फत दर नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधला जातो आणि त्यासाठी त्या कर्नेलचे हेडर्स, म्हणजे बांधणीच्या फाइल, लागतात. एका अपडेटनंतर वायफाय गेलं, तेव्हा ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या यादीच्या) अॅडव्हान्स्ड मेनूतून आधीच्या कर्नेलमध्ये बूट केलं. तिथे ते सुरू होतं. यावरून कार्ड धड आहे, अडचण नव्या कर्नेलसाठीच्या ड्रायव्हरची आहे, हे पक्कं झालं. हेडर्स टाकले, मोड्यूल बांधला गेला, तरी लोड होईना. 'की वॉज रिजेक्टेड' असा संदेश. हे सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला मोड्यूल लोड होऊ न देणारं संरक्षण. मोकयूटिल या कमांडने मोड्यूलवरची सही ओळखणारी आपली चावी नोंदवायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, आणि रीस्टार्ट करताना जो निळा पडदा येतो त्यात 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड टाकायचा. तो पडदा थोडा वेळच थांबतो. नजरेतून सुटला तर मोकयूटिलपासून पुन्हा सुरुवात. सिक्युअर बूट सरसकट बंद करा असं अनेक जण सुचवतात, मला ते पटत नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी कायमचं संरक्षण का घालवायचं?

*

माझ्याकडे वायफाय राउटरच्या शेजारी बसलं की झकास आणि शेजारच्या खोलीत गेलं की गायब. त्याच टेबलावर ठेवलेल्या फोनला मात्र पूर्ण सिग्नल. पासवर्ड बरोबर असूनही सारखा पुन्हा मागितला जायचा. सिग्नल क्षीण असेल आणि जोडणीची देवाणघेवाण अर्ध्यात तुटली, तर जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरला पासवर्ड चुकला असं वाटू शकतं. पासवर्डच्या मागे लागलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

आकडे बघितल्यावर चित्र साफ झालं. आयडब्ल्यू डेव्ह, पुढे इंटरफेसचं नाव आणि लिंक, ही कमांड सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक) दाखवते. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ७० पर्यंत काम भागतं, उणे ८० च्या खाली काही खरं नाही. माझ्याकडे राउटरपासून चार पावलांवर उणे ८० च्या घरातला आकडा येत होता. कार्ड रिअलटेकचं, आरटीएल८७२३बीई. या कार्डाला अँटेना जोडायच्या दोन जागा आहेत आणि काही लॅपटॉपमध्ये अँटेना एकाच जागी जोडलेली असते. ड्रायव्हर जर रिकाम्या जागेकडे कान लावून बसला, तर ऐकू येणार कुठून? मोडप्रोबच्या कॉन्फिग फाइलमध्ये या मोड्यूलसाठी 'अँट_सेल' हा पर्याय लिहिता येतो. १ देऊन फरक पडला नाही, २ देऊन मोड्यूल पुन्हा लोड केला आणि आकडा थेट उणे पन्नाशीत आला. इतका लख्ख निकाल मी कुठल्याच दुरुस्तीत पाहिलेला नाही. लॅपटॉप उघडायचीही गरज पडली नाही.

*

दर थोड्या वेळाने व्हिडिओ कॉल अडकायचे. मी इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्याऐवजी राउटरलाच पिंग केलं, म्हणजे उत्तर किती वेळात येतं ते पाहिलं. तिथेही वेळ काही मिलिसेकंदांवरून एकदम शेकड्यांत उडी घेत होता, तेव्हा सेवा पुरवणाऱ्याचा काही संबंध नव्हता. कारण निघालं पॉवर सेव्ह, म्हणजे बॅटरी वाचवायला कार्डाला मधूनमधून झोपवणारं सेटिंग. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह' ३ होतं, म्हणजे सुरू. ते २ केलं की बंद होतं. मग नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करायचा. बॅटरी थोडी जास्त खर्च होते, कॉल मात्र सुरळीत झाले.

आणखी एक. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली की २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क ढेपाळतं, हे खरंच होतं. यूएसबी ३ च्या केबलमधून त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट निघतो. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा डिस्क लांब ठेवा.

*

जोडणी झालेली, आयपी मिळालेला, एकही साइट उघडत नाही? १.१.१.१ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर वायफाय ठीक आहे, अडलंय ते डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये सर्व्हर कुठला दिसतो ते पाहा. माझ्याकडे काढून टाकलेल्या एका व्हीपीएनचा पत्ता तिथे चिकटून राहिला होता.

*

ऑफिसच्या वायफायचा अनुभव. तिथे प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असतं. उबुंटू २२.०४ वर गेल्यावर घरचं वायफाय उत्तम, ऑफिसचं बंद. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) डब्ल्यूपीए सप्लिकंट या वायफाय जोडणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी वाचल्या, तर टीएलएसची, म्हणजे सुरक्षित देवाणघेवाणीची, जोडणी 'लेगसी रीनिगोशिएशन'वर मोडत होती. नव्या उबुंटूत टीएलएस सांभाळणारं ओपनएसएसएल ३ आलं आणि त्याने जुनी, असुरक्षित पद्धत नाकारायला सुरुवात केली. ऑफिसचा लॉगिन सर्व्हर जुनाच होता. आपल्या बाजूने ओपनएसएसएलचे नियम सैल करता येतात, पण ते आपल्या लॅपटॉपचं संरक्षण कमी करणं आहे. मी लॉगच्या त्या ओळी आयटी विभागाला पाठवल्या आणि त्यांनी सर्व्हर अद्ययावत केला. 'लिनक्सवर चालत नाही' असं लिहिलं असतं तर कुणी दखल घेतली असती का, शंकाच आहे.

*

दोन सिस्टिम असलेल्यांसाठी : विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते सुरू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड कधी कधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

*

कार्डच बदलायचं ठरवलंय. इंटेलचं घ्यावं असं सगळे सांगतात. काही बघायला हवं का?

*

हो, क्रमांक नीट बघा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी कार्डं आहेत. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असली तरी त्यांचं अर्धं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरमध्येच होतं, ती एएमडीच्या लॅपटॉपवर चालणार नाहीत. काही लॅपटॉपचं बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतं, तेव्हा तुमच्या मॉडेलवर तेच कार्ड कुणी बसवलंय का ते आधी शोधा. अँटेनाच्या बारीक तारा काढण्यापूर्वी कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा, आणि त्याआधी बॅटरीची जोडणी सोडवा.