क्लोरीन फ्लोरीनच्या पुढे का?
एकांनी लिहिलंय की आवर्त सारणीच्या गणात (उभ्या स्तंभात) वरून खाली इलेक्ट्रॉन आसक्ती, म्हणजे सुट्या वायुरूप अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की सुटणारी ऊर्जा, कमी होत जाते, म्हणून फ्लोरीनची सर्वात जास्त. नियम बरोबर, पण नेमका फ्लोरीनच त्यात बसत नाही. क्लोरीनची ३४९ किलोज्यूल प्रति मोल, फ्लोरीनची ३२८. पहिला क्रमांक क्लोरीनचाच.

कारण फ्लोरीनच्या लहान आकारात आहे. दुसऱ्या कवचात आधीच सात इलेक्ट्रॉन दाटीवाटीने बसलेले, आठवा आला की ते त्याला ढकलतात. केंद्रकाची ओढ जबर असूनही थोडी ऊर्जा या रेटारेटीत जाते. क्लोरीनच्या तिसऱ्या कवचात जागा ऐसपैस. ऑक्सिजन (१४१) आणि गंधक (२००) यांच्यातही हेच दिसतं.

मग फ्लोरीन जास्त जहाल ऑक्सिडीकारक (दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन हिसकावणारा) कसा? इथे बरेच विद्यार्थी अडखळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. आसक्ती ही सुट्या, वायुरूप अणूची गोष्ट. प्रत्यक्षात आधी रेणू तोडावा लागतो, आणि फ्लोरीनचा बंध १५८ किलोज्यूलमध्ये तुटतो, क्लोरीनला २४२ लागतात. शिवाय इवल्याशा फ्लोराइड आयनाभोवती पाणी घट्ट जमतं, त्यातूनही भरपूर ऊर्जा सुटते.

आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे आसक्ती साधारण वाढते, पण तिथेही खड्डे आहेत: कार्बन १२२, तर नायट्रोजन जवळपास शून्य, कारण त्याचं पी उपकवच (कवचातला एक उपभाग) नेमकं अर्धं भरलेलं, म्हणून स्थिर.

मला सर्वात आवडतं ते सोनं! धातू असून २२३. म्हणूनच सीझियम त्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि सीझियम ऑराइड तयार होतं, ज्यात सोनं चक्क ऋण आयन असतं.