जंगम जप्तीचं वॉरंट निघालंय. बेलिफ (कोर्टाचा जप्ती करणारा कर्मचारी) घरातलं काय काय नेऊ शकतो?

माणदेशी:
हातउसन्या पैशांच्या दाव्यात मामेभावावर साडेतीन लाखांचा हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल) झाला. अपील केलं नाही, मुदत गेली. वादीने दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) लावली असून जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या वस्तूंच्या, जप्तीचं वॉरंट निघालंय. भाऊ साखर कारखान्यात आहे, एकूण पगार ३१,०००. वहिनी घरी शिवणकाम करते. टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल, थोडं सोनं, एक एलआयसी पॉलिसी आणि गावठाणात स्वतःचं राहतं घर, एवढंच आहे. शेत एक एकर, जिरायत. यातलं कशाला हात लागू शकतो?

दरखास्त_विभाग:
दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ६० वाचा. जे जप्तीतून सुटतं ते नावानिशी तिथे दिलंय: देणेकऱ्याचे, त्याच्या बायकोचे नि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, हिशेबाच्या वह्या. टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल यात कुठेच नाहीत, ती जाऊ शकतात. एलआयसीचे पैसे सुटतात, पीपीएफ आणि पीएफही. पण पॉलिसी कुठे तारण ठेवली असेल तर त्या तारणदाराचा हक्क वेगळा.

सोन्याबद्दल लोकांचा गोंधळ होतो. धार्मिक रूढीप्रमाणे जे बाईला अंगावरून उतरवता येत नाही, म्हणजे मंगळसूत्र, तेवढंच या कलमाखाली सुटतं. पाटल्या, राणीहार नाही. मात्र ते वहिनीचं स्त्रीधन असेल तर ते मुळात भावाचं नाहीच. तिथे कलम ६० चा प्रश्न येत नाही, मालकीचा येतो. शिलाई मशीनचंही तेच. मशीन तिच्या पैशातून घेतलं असेल तर पावती शोधून ठेवा.

कोर्टकचेरी:
पगाराचं वॉरंट अजून निघालं नसलं तरी निघेल, धरून चाला. आदेश थेट कारखान्याच्या पगार विभागाला जातो. हिशेब असा: पहिले १,००० सुटतात, उरलेल्या ३०,००० पैकी दोन तृतीयांश म्हणजे २०,००० सुटतात. जप्तीला उरतात महिना १०,०००. एकाच हुकूमनाम्यात ही कपात एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा, बाकी कितीही राहिलेली असो. दुसऱ्या धनकोला मात्र १२ महिने थांबून पुन्हा सुरू करता येतं. पोटगीच्या हुकूमनाम्यात उलटं आहे, तिथे फक्त एक तृतीयांश सुटतो.

भाऊ कारखान्यात नेमकं काय करतो? क्लार्क की कामगार?

माणदेशी:
मिल विभागात फिटर. कायम नोकरी.

कोर्टकचेरी:
मग वरचा हिशेब बाजूला ठेवा. कलम ६० (१) मध्ये दोन वेगळे खंड आहेत. खंड 'आय' पगाराचा, तो वर सांगितला. खंड 'एच' मजुराच्या मजुरीचा, आणि ती पूर्ण सुटते. स्पष्टीकरणात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे सगळे कामगार 'मजूर' धरलेत आणि मजुरीत बोनसही येतो. फिटर म्हणजे कुशल कामगार, हा मुद्दा घ्यायलाच हवा. वादी म्हणणार की महिन्याला ठरलेला पगार मिळतो, म्हणून खंड 'आय' लावा. त्याला उत्तर कामाच्या स्वरूपातून द्यायचं: नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठीवरचं पद, हाताने करायच्या कामाचं वर्णन. हे कागद न जोडता नुसतं 'मी कामगार आहे' लिहिलेले अर्ज पडतात.

घराचंही इथेच ठरतं. मजुराचं स्वतः राहत असलेलं घर खंड 'सी' खाली सुटतं. शेतकऱ्याचंही सुटतं, पण ज्याची उपजीविका मुख्यतः शेतीवर आहे अशाचंच. कारखान्याचा पगार घेणाऱ्याने एक एकर जिरायतावर शेतकरी म्हणवून घेतलं तर उलटतपासणीत टिकणार नाही. मजूर म्हणूनच मागा. घर आधीच बँकेला गहाण दिलं असेल तर त्या बँकेच्या कर्जापुरतं हे संरक्षण विसरा.

दरखास्त_विभाग:
बेलिफ आला तर अडवू नका, भांडू तर मुळीच नका. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्याला घरात शिरता येत नाही (कलम ६२), दिवसा येतो. कुठली वस्तू का सुटते हे पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा आणि यादीची प्रत मागा. मग दोन वेगळे अर्ज लागतात. भावाचा कलम ४७ खाली, 'ही मालमत्ता जप्त होऊ शकत नाही' म्हणून. वहिनीचा ऑर्डर २१ नियम ५८ खाली, 'ही वस्तू माझी' म्हणून. दोघांचं एकाच कागदावर कोंबू नका. नियम ५८ चा अर्ज लिलाव झाल्यावर ऐकला जात नाही, मुद्दाम उशीर केला तरीही नाही.

जुना_सभासद:
हातउसन्याच्या कागदावर 'कलम ६० चे संरक्षण मी सोडून देत आहे' असं वाक्य आहे का बघा. असलं तरी घाबरू नका, पोटकलम (१ए) प्रमाणे तो करार शून्य. पण पतसंस्थेला पगारातून कपातीची संमती दिलेली असेल तर ती सहकार कायद्याच्या कलम ४९ ची कपात, जप्ती नव्हे. तिला एक तृतीयांशाचा हिशेब लागत नाही. तीही आधी वेतनचिठ्ठीवर तपासा.