परदेशात तुमचं इंग्रजी कुठे अडलं? अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेय, पहिल्यांदाच आणि तेही एकटी, कारण ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय. इंग्रजी वाचते, पेपर कळतो. पण आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं, समोरच्याने भराभर काही विचारलं की तोंडातून येस शिवाय काही बाहेर पडत नाही. व्याकरणाचे सल्ले नकोत प्लीज. प्रत्यक्षात कुठले शब्द लागले, कुठे फजिती झाली ते सांगा. लेक म्हणते आई काही लागत नाही गं. तिला काय जातंय म्हणायला!

*

ताई, माझ्या आईला दोनदा एकटीला पाठवलंय म्हणून सांगतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून घ्या, चालता येत असलं तरी, आमच्या ओळखीतल्या निम्म्या आया अशाच जातात, ढकलणारा माणूस बरोब्बर गेटला नेऊन सोडतो आणि भाषेचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. चेक-इनला विंडो की आइल विचारतात. आइल म्हणजे मधल्या वाटेकडची सीट. स्पेलिंगमध्ये एस असतो पण उच्चारत नाहीत, आई घरी ऐसल ऐसल पाठ करून गेली आणि काउंटरवर आइल ऐकून तिला वाटलं ऑइल विचारतायत, म्हणाली नो ऑइल, ओन्ली पिकल.

तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनला दोन-तीनच प्रश्न असतात. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुणाकडे. आईने 'व्हिजिटिंग माय डॉटर' आणि 'फोर मंथ्स' एवढंच सांगितलं. आपल्याला अख्खी कहाणी सांगायची सवय असते, ती आवरा. मग बोटांचे ठसे. 'फोर फिंगर्स' म्हणाले की अंगठा सोडून चार, 'थम्ब' म्हणाले की अंगठा. परतीचं तिकीट हाताशी ठेवा.

*

बाळंतपणाला जाताय म्हणजे डिंकाचे लाडू नेणारच, मग खरं इंग्रजी तिथे लागतं. कस्टमला खाण्याचं काही आहे का विचारलं तर सरळ हो म्हणायचं, लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर बहुतेक वेळा बघून सोडतात. मला विचारलं व्हॉट इज धिस. मी म्हटलं गम. तो म्हणाला च्युइंग गम? मी म्हटलं नो नो, फ्रॉम ट्री, फॉर मदर आफ्टर बेबी. त्याने लाडू हातात धरून मागून पुढून पाहिला आणि शेजारच्याला बोलावलं 😀 दहा मिनिटं गेली. तेव्हा घरूनच डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या लावा. लाडू म्हणजे होममेड स्वीट्स, डिंक म्हणजे एडिबल गम, बाळंतशेपा म्हणजे डिल सीड्स, ओवा कॅरम सीड्स, हिंग असाफिटिडा (हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही). ताजा कढीपत्ता चालत नाही, नेऊच नका. आणि दुबईवरून जाणार असाल तर लाडवात खसखस घालू नका, तिकडे खसखशीला बंदी आहे. खसखस म्हणजे पॉपी सीड्स.

*

माझी अडचण उलटीच. जे शब्द मी इंग्रजी समजत होतो तेच तिकडे कुणाला कळेनात. पार्सल म्हटलं तर पोस्टाचं पार्सल समजले. अमेरिकेत टू गो म्हणतात, लंडनला टेकअवे. गाडीची डिकी म्हटलं की टॅक्सीवाला नुसता बघत राहतो, ट्रंक म्हणायचं. हॉटेल म्हणजे फक्त राहायचं, जेवायचं ते रेस्टॉरंट. मोबाईल नंबर डबल सेव्हन, ट्रिपल नाइन असा सांगितला तर अमेरिकन गोंधळतात, एकेक आकडा सांगा. आणि तिथे फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजला! मित्राच्या बिल्डिंगमध्ये मी एक जिना चढून अनोळखी माणसाची बेल वाजवली होती.

काउंटरवर 'यू आर ऑल सेट' म्हणाले की झालं तुमचं काम, निघा. मला माहीत नव्हतं, पहिल्यांदा मी आता हा काय सेट करतोय म्हणून तिथेच उभा.

*

भाजीचं पण लिहून ठेवा. वांग्याला एगप्लान्ट म्हणतात. माझ्या सासूबाईंनी चातुर्मासात यादी बघून फर्मान काढलं, अंड्याचं काही घरात आणायचं नाही. तसंही चातुर्मासात वांगं चालत नाहीच, त्यामुळे मी पण समजावत बसले नाही 😄 कोथिंबीर म्हणजे सिलँट्रो, भेंडी ओक्रा, ढोबळी मिरची बेल पेपर. नुसतं व्हेजिटेरियन सांगून भागत नाही, नो मीट नो चिकन नो फिश असं मोजून सांगायचं.

*

मला भाऊजींनी टोकलं होतं की वहिनी, तुम्ही ऑर्डर सोडता. आपल्याकडे 'पाणी द्या' यातल्या 'द्या' मध्येच मान असतो, वेगळं प्लीज लागत नाही. तेच 'गिव्ह मी वॉटर' झालं की उद्धट वाटतं, त्यात आपला आवाज आधीच खणखणीत. कॅन आय हॅव वॉटर प्लीज. हे एकच वाक्य, फक्त वॉटरच्या जागी पाहिजे ते घाला, माझे तीन महिने त्याच्यावर निघाले.

*

इंग्लंडला कुणी जाणार असेल तर: 'यू ऑलराइट?' म्हणजे नमस्कार, तब्येत सांगत बसू नका. हाफ टेन म्हणजे साडेदहा, साडेनऊ नाही. पँट म्हणजे आतली, बाहेरची ती ट्राउझर्स. इस्त्रीवाल्याकडे मी हे शिकलो, तपशील विचारू नका.

*

कशाला एवढं टेन्शन. मी जपान फिरून आलो, त्यांनाही इंग्रजी येत नाही आणि मलाही, फोनवर भाषांतर दाखवायचं. न्यू जर्सीत तर एडिसनला गेलात की दुकानात गुजरातीतच विचारतात.

*

एडिसन विमानतळाच्या बाहेर आहे हो, आधी आत पार पडू दे!

*

सगळ्यांचे आभार, वही भरत आली. रोज जेवण झाल्यावर हे ऑफिसर होतात, पाय स्टुलावर टाकून विचारतात हाऊ लाँग विल यू स्टे, आणि मी फोर मंथ्स म्हटलं की चेहरा पाडून बसतात, मग तालीम बंद. डब्यांच्या चिठ्ठ्या झाल्या. फक्त हलिवावर अडलेय, त्याला काय लिहू?

*

आमच्याकडे अळीव. गार्डन क्रेस सीड्स लिहा. खाली मराठीतही लिहा, नाहीतर लेकीला कळायचं नाही कुठल्या डब्यात काय ते.