केसपेपरची पहिली ओळ: मारहाणीच्या जखमा आणि कॅज्युअल्टीतले अनुभव

रातपाळी

मी गेली एकवीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. त्यातली अकरा कॅज्युअल्टीत गेली. मारहाणीचा पेशंट आला की केसपेपरवर सगळ्यात आधी लिहिलं जातं ते कसं लागलं. त्या ओळीसाठी हा धागा काढतेय.

मागच्या पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमारास तिशीतली एक बाई आली. डावा हात ओढणीने गळ्यात बांधलेला, सोबत नवरा आणि सासू. "ओट्यापाशी पाय घसरला, पडली." हे सासूने सांगितलं, मग नवऱ्याने, आणि शेवटी तिनेही. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मग एक्स-रे आला. माणूस हात टेकून पडला की बहुतेक वेळा मनगटापाशी मोडतं. हिचं मनगट धड होतं. करंगळीच्या बाजूचं हाड कोपर आणि मनगट यांच्या साधारण मध्यावर आडवं तुटलं होतं. वरून काठी येत असते आणि डोकं वाचवायला हात आडवा जातो, तेव्हा हे हाड असं तुटतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मी प्लास्टरची पट्टी भिजवत होते. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, यात दिसतं का कशाने लागलं ते?" मी म्हटलं, "दिसतं." तिने दाराकडे बघितलं. नवरा तिथेच उभा होता.

पेपरवर 'पडल्यामुळे' असंच राहिलं. नवऱ्याला केसपेपर काढायला खिडकीवर पाठवायचं मला सुचलं नाही. ते आजही टोचतं.

तुमच्यापैकी कुणी मार खाऊन दवाखान्यात गेलं असेल, कुणाला घेऊन गेलं असेल, तिथे काम केलं असेल, तर लिहा. माणसांची, दवाखान्यांची, ठाण्यांची नावं नकोत.

कोरडवाहू

आमचं बांधावरून. चुलतभावाने माझ्या धाकट्याच्या डोक्यात, कानाच्या वरच्या बाजूला, कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे बोथट बाजू, घातली. मिनिट-दोन मिनिटं तो पडून राहिला, मग स्वतः उठला. रक्त फार नव्हतं. आम्ही त्याला गाडीवर मध्ये बसवलं आणि नेलं कुठे, तर पोलीस ठाण्यात. आधी केस झाली पाहिजे, समोरच्याची आधी नोंदली गेली तर आपण अडकू, एवढंच डोक्यात. तिथे तास-सव्वा तास गेला. मग मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, घेऊन ग्रामीण रुग्णालयात आलो.

भाऊ बाकड्यावर बसून चहा प्यायला. वहिनीला फोन करून म्हणाला, म्हशीला पाणी दाखवलं का. डॉक्टर म्हणाले, इथे सीटी स्कॅन नाही, याला रात्रभर नजरेखाली ठेवायचंय, घरी नेऊ नका. आम्हाला वाटलं उगाच अडवतायत. मी तर चप्पल घालून तयार होतो. तेवढ्यात तो ओकला. "मला झोपू द्या" म्हणाला आणि हाक मारली तरी डोळे उघडेना. डॉक्टरांनी बॅटरी मारली, एका डोळ्याचं बुबुळ मोठं झालेलं. १०८ बोलावली. वाटेत तो घरघरायला लागला म्हणून एका खाजगी दवाखान्यापाशी थांबलो. त्यांच्याकडे सीटीची पाटी होती. गेटवरच सांगितलं, "पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या."

नंतर कळलं की कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत होतं. मधला तो चहा पिण्याचा वेळ म्हणजे बरं वाटणं नव्हतं, रक्त साचायला लागलेला वेळ होता. रात्री दोनला ऑपरेशन झालं. भाऊ जगला. बोलताना अजून एखाद्या शब्दाला अडतो.

ज्यांच्या घरात भांडण होईल त्यांना हात जोडून सांगतो, डोक्याला लागलं असेल तर आधी दवाखाना. पोलिसांना दवाखान्यातूनच कळवतात. आणि परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की जखमीवर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, आणि हे खाजगी डॉक्टरांनाही लागू. त्या गेटवर मला हे ठाऊक असतं तर मी हललो नसतो.

टाके

कोरडवाहू, तुमच्या भावाला थांबवून ठेवणाऱ्या त्या डॉक्टरला माझा नमस्कार. मी निवासी डॉक्टर असताना अशी माणसं 'बरं वाटतंय' म्हणून सही करून निघून जाताना पाहिली आहेत. काही परत आली, काही नाही.

मला डोक्याच्या जखमेबद्दलच सांगायचंय. डोक्याची कातडी हाडावर ताणलेली असते. त्यामुळे लाठीच्या एका फटक्यानेही ती सरळ रेषेत उकलते आणि चाकूने कापल्यासारखी दिसते. नातेवाईक सांगतात "तलवारीने मारलं", आपणही घाईत 'धारदार शस्त्र' लिहून मोकळे होतो. केस कापून, जखम धुऊन, भिंगातून पाहिलं तर कडा ठेचलेल्या दिसतात, केसांची मुळं चिरडलेली असतात आणि खोलवर या काठापासून त्या काठापर्यंत बारीक तंतू शाबूत असतात. धारदार पात्याने ते तंतू राहत नाहीत. याला चार-पाच मिनिटं लागतात. बाहेर बारा पेशंट असताना ती काढणं सोपं नाही, पण काढायला हवीत. कुणावर कुठलं कलम लागणार हे त्यावर ठरतं.

सहा वर्षांनी मला कोर्टाचं समन्स आलं. पेशंटचा चेहरा आठवेना, हातात फक्त मीच लिहिलेलं इंज्युरी सर्टिफिकेट. वकिलांनी विचारलं, जखमेची खोली किती? तो रकाना मी रिकामा सोडला होता. पिंजऱ्यात उभं राहून त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होतो. पलीकडे बाकावर तो पेशंट बसला होता, नवीन शर्ट घालून आला होता.

लोकांना हेही माहीत असावं की हाड किंवा दात मोडला तर ती कायद्याने जबर दुखापत होते. शिवाय पूर्वी २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न करता येणं ही एक कसोटी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते १५ दिवस झालेत. म्हणून पडलेला दात फेकू नका आणि फॉलोअपचे कागद जपा.

आणि एक दुखरी गोष्ट. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. तरी रात्री कॅज्युअल्टीच्या दाराशी गर्दी आवाज करायला लागली की आम्ही अजूनही मागचं दार उघडं आहे ना ते आधी बघतो.

मुक्कामपोस्ट

माझं छोटंसंच. पार्किंगवरून भांडण, एकच ठोसा, खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी सांगितलं की हे हाड कड्यासारखं वाकलेलं असतं, एकीकडे फटका बसला की दुसरीकडेही तडकतं. दात तारेने बांधून टाकले. पाच आठवडे. आई वरण शिजवून, घोटून, पुरणाच्या चाळणीतून काढायची आणि मग पुन्हा पंचातून गाळायची. मी नळीने प्यायचो. उशाशी तार कापायची पक्कड, कारण उलटी झाली तर श्वासनलिकेत जायची भीती. पाच आठवडे आई त्या पकडीवर हात ठेवून झोपली.

वॉर्डमामा

मी स्ट्रेचर ढकलतो. गावाकडच्या भांडणात अडचण ही की दोन्ही पार्ट्या जखमी होतात आणि दोन्ही आमच्याकडेच येतात. गेल्या शिमग्याला एका पडद्याअलीकडे सात टाक्यांवाला, पलीकडे त्याने ज्याचा हात मोडला तो. दोघांचे मिळून चाळीसेक लोक व्हरांड्यात. मी एकाला एक्स-रेला मागच्या बोळातून नेलं, लांब पडतं तरी. परत येताना तो विचारतो, "मामा, त्याला फार लागलंय का?" लहानपणी एकाच बाकावर बसायचे म्हणे. हे कुठल्या कागदावर येत नाही म्हणून इथे सांगितलं.

अनामिक

रातपाळीताई, तुमच्या त्या बाईसारखीच मी. फरक इतकाच की माझ्या एक्स-रेत दिसण्यासारखं काही नव्हतं.

त्याने गळा दाबला होता. मानेवर वळसुद्धा नीट उठला नाही. दुसऱ्या दिवशी आवाज बसला, आवंढा गिळताना दुखायला लागलं. मी थंड खाल्लं म्हणून सांगून गेले. तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. त्यांनी नवऱ्याला रक्ताचा नमुना लॅबला द्यायला पाठवलं आणि दार लावून विचारलं, "त्या वेळी लघवी झाली होती का? डोळ्यांपुढे अंधारी आली होती का?" इतकं नेमकं कुणी विचारलं की खोटं बोलायचं बळ राहत नाही. त्यांनी सांगितलं की बाहेर काही न दिसताही गळ्याच्या आत सूज येऊन पुढे श्वास अडकू शकतो. मला ठेवून घेतलं.

मला पोलिसांची भीती होती. सोशल वर्करताईंनी समजावलं की एमएलसी, म्हणजे दवाखान्यातली मेडिको-लीगल नोंद, झाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे, जखमांची नोंद राहते, तक्रारीचं पुढे ठरवता येतं. मी आठ महिन्यांनी ठरवलं. तेव्हा तो कागद होता. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालापासून 'दिलासा' केंद्र आहे, महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून सुरू केलेलं, तिथे हेच काम चालतं. माझ्या गावात तसं काही नव्हतं. एक डॉक्टरीणबाई होत्या.

कार्डिफकर

मी मूळची साताऱ्याची, इथे वेल्समध्ये इमर्जन्सीत नर्स आहे. पहिल्या ओळीचा विषय निघाला म्हणून लिहिते. जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे सर्जन इथलेच. मारामारीत जबडा फुटलेली माणसं रोज शिवताना त्यांच्या ध्यानात आलं की यातल्या पुष्कळांची पोलिसांकडे नोंदच नाही. मग कार्डिफमध्ये दवाखान्याच्या खिडकीवरच विचारायला सुरुवात झाली: नेमकं कुठे, किती वाजता, कशाने. पेशंटचं नाव गाळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे जाते. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या पबपाशी लोक जखमी होतायत ते त्यातून कळतं आणि गस्त तिकडे वळते. २०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कार्डिफची १४ शहरांशी तुलना होती. मारहाणीमुळे भरती होणारे पेशंट इथे महिन्याला लाखामागे ७ वरून ५ वर आले, बाकी शहरांत ५ चे ८ झाले.

आपल्याकडे 'बाटली' लिहिलं जातं, 'कुठल्या चौकात' लिहिलं जात नाही. आणि "घरी" असं उत्तर आलं तर गस्त कुठे पाठवायची, हा प्रश्न इथेही उरतोच.

रातपाळी

सगळं वाचलं, काही दोनदा. अनामिक, तुमचं वाचून ड्युटीवर गेले आणि आधी पडद्याआड कोण कोण उभं आहे ते पाहिलं.

त्या बाईचं राहिलं सांगायचं. सहा आठवड्यांनी ती प्लास्टर काढायला आली. एकटी आली होती. कटरचा आवाज सुरू असताना काहीतरी बोलली, ऐकू आलं नाही म्हणून मी मामांना मशीन बंद करायला लावलं. तिने विचारलं, "त्या दिवशी लिहिलंय ते बदलता येतं का?" मी म्हटलं, जुनं खोडता येत नाही, पण आजची तारीख-वेळ टाकून तुम्ही सांगाल ते नव्याने लिहिता येतं, त्यावर डॉक्टरांची सही होते. अर्ध्या कापलेल्या प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसली. डॉक्टर आले, पेन उघडलं. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनाव नीट उमटेपर्यंत दोनदा.