मदत हवी आहे: ली-एनफिल्डच्या दस्त्यावरचं व्हार्निश कसं काढावं?

नमस्कार मंडळी. मी ओंटारियोत राहतो. माझ्याकडे परवान्यावर घेतलेली ली-एनफिल्ड नंबर ४ रायफल आहे, टोरोंटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्यातली, 1943 ची. नळी, बोल्ट उत्तम आहेत. प्रश्न लाकडाचा आहे.

आधीच्या कुणीतरी अक्रोडाच्या दस्त्यावर चकचकीत व्हार्निशचे जाड थर चढवलेत. कडेला पापुद्रे सुटतात आणि आतलं लाकूड काळपट दिसतं. मूळ काम जवसाच्या कच्च्या तेलाचं असायचं, मला तेच परत आणायचंय. पण दस्त्यावर 'सी' अक्षराच्या पोटात बाण असा कॅनडाच्या लष्कराचा शिक्का आहे, बोट फिरवलं तर जेमतेम लागतो. तो गेला तर रायफलची ओळखच गेली, म्हणून सँडपेपर मी लावणारच नाही.

जेल पेंट रिमूव्हर आणि नायलॉनचा मऊ ब्रश वापरला तर शिक्क्याच्या कडा शाबूत राहतात का? ट्रिगरच्या मागच्या भागात गन ऑइल मुरून डाग पडलाय. खडूची भुकटी आणि स्पिरिटचा लेप देऊन तो ओढून निघेल का? पोचे ओल्या फडक्यावर इस्त्री ठेवून वाफेने उचलायचा विचार आहे, मात्र शिक्क्याजवळ वाफ द्यावी की नको?

कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं, तरी उकळलेलं नको. तेलाच्या दोन थरांमध्ये तुम्ही किती दिवस सोडता? तेलाची फडकी आपोआप पेटू शकतात, ती पाण्यात भिजवूनच टाकेन.

ज्यांनी स्वतः जुन्या दस्त्यांवर काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.